महादेवरावांचा चौथा अहवाल

ही गोष्ट २०२३ सालच्या ऑक्टोबरातली. अमरावतीत दुपारचं ऊन अजून चटके देत होतं आणि भातकुलीच्या रस्त्यावर सोयाबीन काढणीची धूळ उडत होती.

सोमवारी सकाळी अकरा वाजता रागिणीताईंनी अकोल्याचा एक नंबर फिरवला.

रागिणीताई कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेल्या. वय अडुसष्ट. अमरावतीहून निघणाऱ्या 'ग्रामवेध' या संशोधन त्रैमासिकाला मान्यता टिकवायची होती, आणि त्यासाठी पाच वर्षांची माहिती भरून द्यायची होती. लेख किती आले, नाकारले किती, कोणत्या परीक्षकानं तपासले, किती दिवसांत. संपादक उत्तमरावांनी हे काम त्यांच्यावर सोपवलं होतं. "रागिणीबाई, तुमच्यासारखं चिकट माणूस दुसरं नाही," असं म्हणून.

परीक्षक म्हणजे लेख छापण्याजोगा आहे की नाही हे वाचून सांगणारा जाणता माणूस. अकोल्याचे महादेवराव हे 'ग्रामवेध'चे सर्वांत जुने परीक्षक. त्यांना चार प्रश्न विचारायचे होते.

फोन एका बाईनं उचलला.

"महादेवराव आहेत का? मी 'ग्रामवेध'मधून बोलतेय."

"कोन, भाऊ? मी बाजूची बेबी बोलून राहिली. काकू देवळात गेल्या. भाऊ तर गेले ना जी."

"कुठे गेले?"

"कुठं म्हन्जे? वारले. संक्रांतीच्या करीले. आमी सणाच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या दिवशी, कामाले हात नाई लावत. अन् त्याच दिवशी तिरडी बांधाची पाळी आली पा."

रागिणीताईंनी फोन ठेवला. समोरच्या तक्त्याकडे पाहिलं. संक्रांत म्हणजे जानेवारी.

तक्त्यात महादेवरावांच्या नावापुढे यंदाचे चार अहवाल होते. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल आणि नऊ जून.

मेलेला माणूस चार वेळा लेख तपासून गेला होता.

*

त्यांनी कपाटातून फाइल काढली. पहिले तीन अहवाल हातानं लिहिलेले. बारीक, सरळ, शाळकरी अक्षर. प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात पानं पांढऱ्या दोऱ्यानं टाचलेली. गोधडीला घालतात तसा टाका.

चौथा अहवाल छापील होता. कोपऱ्यात स्टेपलरची पिन. सही नाही, खाली नुसतं छापलेलं नाव.

तो एका लेखाबद्दल होता. लेखिका वर्षाली. भातकुली तालुक्यातल्या भाजीपाला पिकवणाऱ्या घराची मुलगी, शहरातल्या एका कॉलेजात कंत्राटी प्राध्यापक, पीएच.डी. करत असलेली. भाजीच्या शेतीत बाई दिवसाला किती तास राबते, हा तिचा विषय. रागिणीताईंनी लेख वाचला. 'ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२१ या काळात दोनशे बारा घरांतून प्रश्नावल्या भरून घेतल्या,' असं सुरुवातीला होतं. शेवटी निष्कर्ष : सव्वानऊ तास.

मग त्यांनी चौथा अहवाल वाचला.

'सात सप्टेंबर २०२१, मंगळवार, या एकाच दिवशी एकाच गावात एक्केचाळीस प्रश्नावल्या भरल्याचे दिसते. ऐन हंगामात, कामाच्या दिवशी, एक्केचाळीस बायका घरी सापडणे अशक्य. माहिती बनावट आहे. लेख नाकारावा आणि संशोधिकेच्या महाविद्यालयास कळवावे.'

कॉलेजला कळवलं गेलं होतं. त्यावर चौकशी समिती नेमली गेली होती. समितीची बैठक येत्या शुक्रवारी होती. माहिती बनावट ठरली तर वर्षालीची पीएच.डी.ची नोंदणी रद्द आणि नोकरी संपली.

हातात चार दिवस होते.

*

कार्यकारी संपादक मनोज चाळिशीचा, तुटक बोलणारा माणूस. कॉलेजला गेलेल्या पत्रावर सही त्याची होती.

"मनोज, हा लेख महादेवरावांकडे कोणी पाठवला?"

"मला काय माहीत, ताई? मी अठ्ठावीस मे ते अठरा जून नागपूरला होतो. आईची बायपास. परत आलो तर अहवाल टेबलावर तयार. उत्तमरावसर म्हणाले, पत्र टाका. टाकलं."

"वर्षालीबद्दल तुमचं मत काय?"

"खरं सांगू? मला ती मुलगी आवडत नाही. एका चर्चासत्रात सगळ्यांसमोर मला माझ्या टक्केवारीची बेरीज करायला लावली तिनं."

"किती आली?"

"एकशे चार." मनोजनं चष्मा पुसला. "पण म्हणून मी कुणाचं वाटोळं करेन असं समजू नका."

"तिच्या मूळ प्रश्नावल्या कुठे आहेत?"

इथे 'ग्रामवेध'ची एक जुनी रीत सांगायला हवी. लेखाबरोबर भरलेल्या मूळ प्रश्नावल्या कार्यालयात जमा कराव्या लागतात. त्या परीक्षकाला पाठवत नाहीत. नुसत्या कुलपात राहतात, वाद झाला तरच उघडायच्या. हा नियम उत्तमरावांनीच चाळीस वर्षांपूर्वी घातलेला.

"संपादकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात," मनोज म्हणाला. "कॉलेजनं मागितल्या म्हणून जुलैत मी आणि सरांनी पिशवी काढली. शिवण उसवलेली होती. आत एकशे एकाहत्तरच निघाल्या. नेमक्या त्या एक्केचाळीस नाहीत. म्हणजे पोरीनं दिल्याच नव्हत्या. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"कपाटाच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक सरांकडे. एक माझ्या जुडग्यात, घरच्या किल्लीबरोबर. नागपूरलाही तीच घेऊन फिरत होतो."

*

योगेश हा कार्यालयातला लिपिक. पंचेचाळीस वर्षांचा, अकोल्याचा. दर शनिवारी गावी जायचा. आलेले अहवाल संगणकावर टाइप करून दोघा संपादकांना देणं आणि मूळ कागद फाइलला लावणं त्याच्याकडे.

"योगेश, महादेवराव कधी वारले?"

योगेशच्या हातातला शिक्का तसाच राहिला.

"तुम्हाले कोनी सांगतलं, ताई?"

"मला कळायला नऊ महिने लागले. तुला कधीपासून माहीत आहे?"

"तेरवीले जेवून आलो मी." त्यानं दाराकडे बघून आवाज खाली आणला. "पाकिटं मीच नेऊन देत होतो ना अकोल्याले. काकूंनी हात जोडले. म्हने, कोनाले सांगू नको. मले वाटलं, म्हाताऱ्या बाईचा जीव रमते त्याच्यात. काय बिघडते?"

"एका पोरीची नोकरी बिघडते."

"थो अहवाल मी नाई आनला, ताई! देवाशपथ. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, तीन पाकिटं नेली अन् तीन आनली. जूनचं पाकीट मी नेलंच नाई. एक दिवस आवक ट्रेमधी अहवाल पडेल दिसला. वाटलं, काकूंचा हात दुखत असंन, छापून घेऊन पोस्टानं धाडला."

"आणि दोऱ्याचा टाका?"

"कोनता टाका? हो, थो! थो फक्त मीच पायतो. साहेब लोकायले तर टाइप केलेली प्रत जाते." तो थांबला. "अन् जूननंतर महादेवरावांले काहीच पाठवलं नाई. सर म्हनले, त्याले आता त्रास नको, वय झालं."

*

मंगळवारी रागिणीताई भातकुलीजवळच्या वर्षालीच्या गावी गेल्या. ऑटोवाला वाटभर भावाच्या लग्नाच्या गोष्टी सांगत होता. त्यांचं लक्ष नव्हतं.

वर्षाली ओसरीवर बसली होती. समोर मेथीच्या जुड्या. ती जुड्या बांधत होती आणि वर बघत नव्हती.

"पिशवी तू कधी दिलीस?"

"एक जूनला. योगेशदादांनी सरांसमोर कपाटात ठेवली, सरांनी कुलूप लावलं. पोचपावतीवर 'एक पिशवी, शिवलेली' एवढंच आहे. किती प्रश्नावल्या ते नाही. माझीच चूक."

"तोंड म्याच शिवलं होतं सुतळीनं," आतून तिची आई पार्बताबाई पाणी घेऊन आली. "दोनशे बारा मोजले, मंग दाभन घातला. हे पोरगी खोटं नाई बोलत, बाई. हे लहानपनी चोरून गूळ खाये अन् सोताच येऊन सांगे."

"मावशी, एका दिवसात एक्केचाळीस बायका कशा भेटल्या?"

"काहून नाई भेटनार? पोळ्याची कर होती ना थे!"

रागिणीताईंचा पेला हातातच राहिला.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाईत," पार्बताबाई सांगू लागली. "वावरात कोनी जात नाई. निंदन नाई, तोडनी नाई. साऱ्या बाया घरी. म्याच म्हनलं हिले, रोज सायकल घेऊन हिंडतं अन् घराघराले कुलपं पायतं. करीच्या दिवशी बस. मारुतीच्या पारावर सतरंजी टाकली. सकाळी आठपासून दिवस मावळेपर्यंत. हे अन् हिच्या दोन मैत्रिनी लिवत होत्या. मी हाका मारत होती. एक तर भांडली, माह्या आधी तिचा नंबर काहून म्हनून!"

"वर्षाली, हे समितीला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं, मॅडम. ते म्हणाले, पुरावा काय? कॅलेंडरवर तर मंगळवार दिसतो, लाल अक्षरही नाही. मूळ प्रश्नावल्या आणा. त्या तर..." तिनं जुडीला दोरा इतका ओढला की पाती तुटली. "मी गावात आले ना, तर बाया विचारतात, आमची नावं पुस्तकात कधी येणार? काय सांगू?"

*

बुधवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरून रागिणीताई अकोल्याला पोचल्या.

सुभद्राबाईंनी दार उघडलं. बहात्तरीच्या, बारीक चणीच्या. कपाळ मोकळं. रागिणीताईंनी पिशवीतून चार अहवाल काढून बसायच्या लाकडी तक्तपोसावर ठेवले. काही विचारावं लागलं नाही.

"पहिले तीन माझे," सुभद्राबाई म्हणाल्या. "हेही सांगून टाकते, त्याआधीचे नऊ वर्षांचेही माझेच. ह्यांची नजर गेली काचबिंदूनं. मी वाचून दाखवत होती. आधी हे सांगत, मी लिहीत होती. मग हे म्हणाले, सुभद्रे, तुलाच जास्त समजते, तूच लिही, मी ऐकतो. बी.एस्सी.ला पहिली आलती मी. मग लग्न झालं."

"आणि हा दोरा?"

"पिनेचं टोक बोटाला लागे ह्यांच्या. पानं चाचपत होते ना. म्हणून मी टाका घालत होती. गेल्यावरही हात तसाच चालला." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मला सांगायला पाहिजे होतं. पण पाकीट आलं की वाटे, घरात अजून दोघं आहोत. गुन्हा आहे का हा, बाई?"

"तक्त्यात लिहावा लागेल," रागिणीताई म्हणाल्या. त्या यापेक्षा गोड बोलू शकल्या नाहीत. "पण आज दुसरं काम आहे. हा चौथा वाचा. आणि हा लेख."

सुभद्राबाईंनी चष्मा लावला. लेखावर तासभर बोट फिरत राहिलं. मग त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या. खिळ्यावर कॅलेंडरांची जाड चळत लटकत होती, वर्षानुवर्षांची, एकावर एक. त्यांनी २०२१चं काढलं आणि पान उलटलं.

"कोणत्याही लेखात तारीख आली की मी तिथी बघते. गावातली माणसं तारखेनं चालत नाहीत. हे बघा, सहा तारखेला पोळा. सातला कर. ज्यानं हे लिहिलं त्यानं नुसता वार बघितला."

"हे मला वर्षालीच्या आईनं सांगितलं. आणखी काही?"

सुभद्राबाईंनी लेख पुन्हा पुढे ओढला. पहिल्या पानावर बोट ठेवलं.

"हिनं तर नुसतं 'ऑगस्ट ते ऑक्टोबर' लिहिलं आहे. सात तारीख लेखात कुठंच नाही. एक्केचाळीसही नाही. मग ह्या माणसाला ती कुठून मिळाली?"

रागिणीताईंनी लेख पुन्हा चाळला. त्यांनीही तो लेख वाचला होता, आणि तो अहवालही. दोन्ही एका दुपारी. तरी हे सुटलं होतं.

तारीख फक्त मूळ प्रश्नावल्यांवर होती. त्या पिशवीत होत्या, आणि पिशवी कपाटात.

"सुभद्राताई," त्या हळूच म्हणाल्या, "उद्या दुपारी अमरावतीला याल?"

*

त्याच दिवशी परतीच्या गाडीत रागिणीताईंना चौऱ्यांशी साल आठवत राहिलं. तेव्हा त्या एकोणतीस वर्षांच्या. चाळिशीतले उत्तमराव आणि त्यांचे मित्र महादेवराव सायकलींवरून भातकुलीची गावं पालथी घालत. संध्याकाळी धुळीनं माखलेले ग्रंथालयात येत आणि मोठमोठ्यानं आकडे वाचत. त्या पाहणीनं उत्तमरावांना नाव दिलं. 'शेतकरी कुटुंबातील स्त्रीचे शेतीश्रम दिवसाला अडीच तास.' हा आकडा पाठ्यपुस्तकांत गेला, परीक्षेत विचारला गेला. लोक त्याला 'उत्तमरावांचे अडीच तास' म्हणत. येत्या डिसेंबरात त्यांच्या ऐंशीव्या वर्षानिमित्त गौरवग्रंथ निघायचा होता आणि त्यातला पहिला लेख त्याच आकड्यावर होता.

अमरावतीला उतरल्यावर त्या घरी गेल्या नाहीत. जुन्या ग्रंथालयाच्या तळघरात गेल्या आणि स्वतःच्या हातानं बांधलेला एक गठ्ठा शोधून काढला.

*

गुरुवारी दुपारी तीन वाजता संपादकांच्या खोलीत पाचजण होते. उत्तमराव आपल्या खुर्चीत. मनोज, योगेश आणि वर्षाली भिंतीकडे. समोर रागिणीताई. बाजूच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं.

"काय रागिणीबाई, तक्ता भरून झाला?" उत्तमराव हसले.

"एकच रकाना राहिला, सर. वर्षालीचा लेख तुम्ही महादेवरावांना दिला?"

"दिला की. पोस्टानं."

"त्यांच्याशी बोलणं झालं?"

"झालं. जूनमध्ये, फोनवर. त्यानंच सांगितलं, उत्तम, हे आकडे बनावट आहेत. महादेव अशा बाबतीत चुकत नाही."

योगेशनं डोळे मिटून घेतले.

बाजूचं दार उघडलं. सुभद्राबाई आत आल्या आणि टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"या, वहिनी!" उत्तमराव अर्धवट उठले. "महादेव कुठे..." त्यांची नजर सुभद्राबाईंच्या कपाळावर गेली आणि तिथेच थांबली.

"जूनमध्ये कोणाशी बोलले, भाऊजी?" सुभद्राबाई म्हणाल्या. "हे तर संक्रांतीलाच गेले."

उत्तमराव खुर्चीत बसले.

"मला कोणी कळवलं नाही," ते पुटपुटले.

"तुम्ही वर्षभरात एकदा तरी विचारलं?" सुभद्राबाई म्हणाल्या.

मग रागिणीताई बोलल्या. आवाज चढवला नाही.

"महादेवराव जिवंत नाहीत हे योगेशला माहीत होतं. शिवाय मूळ अहवालांना टाका असतो हेही त्याला एकट्यालाच माहीत. त्यानं खोटा अहवाल केला असता तर तो टाचला असता, आणि सुभद्राताईंच्या अक्षरात नाही तरी हातानं लिहिला असता. पिन मारणाऱ्यानं आजवर फक्त टाइप केलेल्या प्रती पाहिल्या होत्या. तसे दोघंच. मनोज आणि तुम्ही, सर."

"ताई, मी तर..." मनोज म्हणाला.

"थांबा. अहवालात सात सप्टेंबर ही तारीख आहे. एक्केचाळीस हा आकडा आहे. लेखात दोन्ही नाहीत. म्हणजे लिहिणाऱ्यानं पिशवी उसवून प्रश्नावल्या मोजल्या. मोजल्या, म्हणजे त्या तेव्हा पिशवीत होत्या. वर्षालीनं दिल्याच नाहीत, हे तिथंच खोटं ठरलं. पिशवी एक जूनला कपाटात गेली. अहवाल नऊ जूनचा. त्या आठ दिवसांत मनोज नागपूरच्या हॉस्पिटलात होते आणि त्यांची किल्ली त्यांच्याबरोबर. अमरावतीत किल्ली एकच राहिली." त्या थांबल्या. "आणि जूननंतर महादेवरावांना काही पाठवू नका, असं तुम्ही योगेशला सांगितलंत. कारण पाकीट गेलं असतं तर जूनच्या अहवालाचा विषय निघाला असता आणि त्यांनी विचारलं असतं, तो वर्षालीचा लेख कोणता?"

"मी कशाला करीन हे?" उत्तमराव म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

रागिणीताईंनी पिशवीतून पिवळा पडलेला गठ्ठा काढला.

"या तुमच्या चौऱ्यांशीच्या प्रश्नावल्या. नियम तुमचाच, मूळ कागद जपून ठेवा. मी जपले. काल सगळ्या चाळल्या. तीनशे आठ. उत्तर देणाऱ्याचं नाव बघा. पांडुरंग, किसन, नामदेव, संपत. तीनशे आठही पुरुष. ओट्यावर बसलेल्या माणसांना तुम्ही विचारलंत, तुमची बायको शेतात किती वेळ असते. आणि ही पोरगी बायकांना विचारून आली. तिचा लेख छापला गेला असता तर डिसेंबरात तुमचे अडीच तास उरले नसते."

"आमच्याच ओट्यावर बसले होते दोघं," सुभद्राबाई म्हणाल्या. "तेव्हा आम्ही सासरी, भातकुलीकडे राहत होतो. मी पहाटेपासून निंदून आली, हात धुतले, चहा ठेवला तुमच्यापुढे. तुमी विचारून राहिले, महादेव, वहिनी किती वेळ जातात वावरात? हे म्हणाले, जाते थोडा वेळ. तुमी अडीच लिहिलं. मी कपबशा घेऊन उभी होती."

वर्षाली टेबलापर्यंत आली.

"सर, त्या एक्केचाळीस कुठे आहेत?" तिनं विचारलं. "त्या बायकांनी सणाचा दिवस दिला हो मला."

उत्तमराव कुणाकडेच बघत नव्हते. त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला गठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

"जाळणार होतो," ते म्हणाले. "चार महिने झाले. रोज खण उघडायचो. भरलेली प्रश्नावली माझ्या हातून फाटत नाही."

वर्षालीनं गठ्ठा सोडला आणि एकेक मोजली. एक्केचाळीस. प्रत्येकीवर तारीख, आणि खाली कुठे सही, कुठे निळा अंगठा.

शेवटच्या कागदाच्या मागे पेन्सिलीनं बेरीज मांडलेली होती. अक्षर उत्तमरावांचं. एक्केचाळीस बायकांचे तास, एकाखाली एक, आणि भागाकार. खाली उत्तर दोनदा अधोरेखित केलेलं.

सव्वानऊ.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," वर्षाली म्हणाली.

उत्तमरावांनी मान हलवली. "पोळ्याची कर असेल, हे मात्र सुचलं नाही," ते म्हणाले. "सुचायला पाहिजे होतं. मी शेतकऱ्याचाच पोरगा."

*

शुक्रवारी समितीसमोर एक्केचाळीस प्रश्नावल्या, २०२१चं कॅलेंडर आणि उत्तमरावांचं दोन ओळींचं पत्र ठेवलं गेलं. बैठक वीस मिनिटांत संपली.

वर्षालीला पुढच्या वर्षी पीएच.डी. मिळाली. नोकरी मात्र अजून कंत्राटीच आहे. लेख छापून आला तेव्हा तिनं अंकाच्या प्रती गावात नेल्या. त्यात बायकांची नावं नव्हती. संशोधनात नावं छापत नाहीत. म्हणून पार्बताबाईनं पारावर बसून एक्केचाळीस नावं स्वतः म्हणून दाखवली, आणि दोन राहिली म्हणून शिव्या खाल्ल्या.

मनोज संपादक झाला. त्याच्या टक्केवारीची बेरीज आता छापण्याआधी वर्षाली करते. योगेशला लेखी ताकीद मिळाली. तो अजून दर शनिवारी अकोल्याला जातो.

रागिणीताईंनी तक्त्यात सगळं खरं लिहिलं. त्यापायी 'ग्रामवेध'ची मान्यता वर्षभर स्थगित राहिली आणि काही जुन्या ओळखीच्यांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. चौथा अहवाल सोडून महादेवरावांच्या नावापुढच्या पाचही वर्षांच्या नोंदींवर त्यांनी रेघ मारली आणि तिथे सुभद्राबाईंचं नाव लिहिलं. सुभद्राबाईंकडे वर्षभर पाकीट गेलं नाही. मग मनोजनं त्यांच्या स्वतःच्या नावानं पाठवलं. आठव्या दिवशी अहवालासह परत आलं. कोपऱ्यात पिन होती, टाका नव्हता.

गौरवग्रंथ निघाला नाही. उत्तमराव मोर्शीला मुलीकडे राहायला गेले. रागिणीताई एकदा त्यांना भेटून आल्या. संत्र्याच्या बागेच्या बांधावर ते वही घेऊन बसले होते. समोर मुलीची सून आणि दोन मजूर बाया फळं वेचत होत्या. त्यांनी रागिणीताईंना ओळखलं, बसायला सांगितलं, आणि मनगटावरच्या घड्याळात बघून वहीत काहीतरी लिहिलं.

"सकाळी सहापासून आहेत," ते म्हणाले. "अजून जेवल्या नाहीत."